मचव्यावर न उच्चारायचा शब्द

दिनांक १८ मार्च २०१९, सोमवार. वेझर नदीच्या मुखावरील हायेनझील ह्या बंदरात नव्या धक्क्यासाठी पोलादी खांब ठोकण्याची परवानगी देताना संबंधित कार्यालयाने असे नमूद केले की, सदर पाण्यात वेळोवेळी नोंदवला गेलेला ट्युमलर हा सागरी प्राणी 'वाट चुकून येणारा पाहुणा' असून, पाहुण्यासाठी वसंत ऋतूतील काम थांबवण्याचे कारण दिसत नाही. हे वाक्य येथे जसेच्या तसे उतरवले आहे. कार्यालयाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. नाव लिहिले की कार्यालये अब्रू सांभाळण्याच्या मागे लागतात आणि चूक जागच्या जागी राहते.

गेशे टांत्सेन हिने हा आदेश बंदराच्या फलकासमोर उभे राहून दोनदा वाचला. वय अठ्ठावन्न, खांदे रुंद, चेहरा वाऱ्याने राठ झालेला. वडिलांकडून आलेला 'हारमिने' हा कोळंबीचा मचवा तीच चालवी. नवरा आयबे पलीकडच्या मोठ्या बंदरात क्रेनवर नोकरीला लागला होता आणि घरी आला की समुद्राकडे पाठ करून बसे. दर वसंतात नदीमुखावर दिसणाऱ्या ट्युमलरांवर पाळत ठेवून ते निसर्गरक्षणाच्या केंद्राला कळवण्याचे काम गेशेने आपणहून अंगावर घेतले होते, आणि बंदरातल्या इतर तांडेलांनाही तिनेच त्या कामाला जुंपले होते. ट्युमलर दिसला की फोन करायचा. किती, कुठे, कोणत्या दिशेने, ते सांगायचे. वर्षानुवर्षे त्या सर्वांनी हे काम चोख केले. त्या चोखपणाचे फळ म्हणून आज फलकावर हा कागद लागला होता.

"पाहुणा म्हणे!" मागून आवाज आला. ओन्नो फ्रेरिक्स हा तिच्या वडिलांच्या मचव्यावरचा जुना खलाशी. ऐंशी ओलांडलेला आणि अजूनही रोज धक्क्यावर येऊन जाळी दुरुस्त करणारा. तिला 'पोरी' म्हणण्याचा हक्क गावात त्याला एकट्याला उरला होता. "आपल्याकडं तिसरा कप चहा पोटात गेला की पाहुण्याच्या हाती फडकं देतात, भांडी पूस म्हणून. हे तर माझ्या आज्याच्या वेळेपासून इथं जेवतायत."

"आठ एप्रिलला हातोडा सुरू होणार, ओन्नो."

"म्हणजे ऐन श्टिंटात."

"ऐन श्टिंटात."

श्टिंट हा बोटाएवढा चंदेरी मासा. मार्चअखेर तो अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत चढतो, आणि तो चढू लागला की साऱ्या बंदराला चिरलेल्या काकडीचा वास येतो. त्याच्यामागोमाग ट्युमलर येतात: काळसर पाठीचे, बुटक्या त्रिकोणी पराचे, माणसाहून थोडे आखूड जीव, हिवाळ्याने वाळलेले. त्यांच्या माद्या तेव्हा दुहेरी भुकेच्या असतात. पोटात एक आणि कुशीला गेल्या उन्हाळ्यातले एक. नदीमुखाच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही. हा प्राणी कानांनी पाहतो. तिथे पोलादावर पडणारा यांत्रिक हातोड्याचा एकेक घाव म्हणजे त्याच्या लेखी डोळ्यांत फेकलेली मूठभर तिखटाची पूड. तो पळून जाणार, आणि वर्षातले जे थोडे आठवडे त्याला पोटभर मिळते ते वाया जाणार. एवढी गोष्ट हायेनझीलमध्ये शाळेतल्या पोरांना कळते. ती लेखी मांडून गेशेने हरकत घेतली.

हरकतीची चौकशी करण्यासाठी केंद्राने डॉक्टर हाउजर नावाचे अभ्यासक पाठवले. चाळिशीचे, सडपातळ, दक्षिणेकडच्या डोंगरातले; शब्द तोलून बोलणारे. ह्या प्रकरणात प्रामाणिकपणे वागलेला हा एकच अधिकारी, म्हणून त्यांचे नाव लिहिले आहे. गेशे त्यांना दगडी बांधाच्या टोकाशी घेऊन गेली. वारा पडला होता, पाणी तेलासारखे होते.

"ते बघा. तांबड्या बोयाच्या डावीकडं. ट्युमलर. दोन आहेत… नाही, मागं पोर पण आहे."

डॉक्टरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. "कुठे?"

"अहो, नाकासमोर! तो काय, आत्ता बुडाला."

"तो दिसला मला, फ्राउ टांत्सेन. पण तो ट्युमलर नव्हे. ट्युमलर ह्याच्या दुप्पट असतो. त्याला चोच असते, तो उड्या मारतो. इकडच्या समुद्रात तो क्वचितच येतो, तोही वाट चुकून. हा तर आपला साधा श्वाइन्…"

"गप्प!" गेशे इतक्या जोरात ओरडली की बांधावरचे पक्षी उडाले. खाली दोन मचवे बांधलेले होते. त्यांच्याकडे एकवार पाहून तिने आवाज खाली आणला. "माफ करा, डॉक्टरसाहेब. पण तो शब्द इथं नाही."

"कोणता शब्द?"

"तुम्ही आत्ता म्हणणार होतात तो."

डॉक्टरांनी दुर्बीण खाली घेतली. "मग तुम्ही ह्या प्राण्याला काय म्हणता?"

"ट्युमलर. बाप तेच म्हणायचा, आजा तेच म्हणायचा."

"आणि फोनवर?"

"फोनवर आणखी काय म्हणणार?"

डॉक्टर शेजारच्या दगडावर हळूच टेकले. "फोन घेणारे लोक शहरातले असतात," ते म्हणाले. "ते पुस्तक उघडतात. पुस्तकात ट्युमलर म्हणजे तो मोठा, चोचवाला. तुम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं जे जे सांगितलं, ते ते वाट चुकलेल्याच्या नावावर पडलं. आणि जो इथं खरोखर येतो, त्याच्या नावावर ह्या नदीत एकही नाही."

आता हे उकलून लिहिणे भाग आहे. पुस्तकातला जो प्राणी मराठीत शिंशुक, कोकणच्या खाड्यांत कोळी ज्याला भुलगा म्हणतात त्याचा जो थंड पाण्यातला भाऊबंद, त्याचे सरकारी नाव श्वाइन्सवाल. त्यातला श्वाइन म्हणजे डुक्कर. आणि ह्या किनाऱ्यावर मचव्यावर पाय ठेवला की डुकराचे नाव घ्यायचे नाही. जमिनीवर त्याची चरबी तव्यावर घालून श्टिंट तळतील, बोटे चाटून खातील. पण न्याहारीच्या पावात तोच मांसाचा काप घालून समुद्रावर निघाले की तो 'वाकड्या शेपटीचा' होतो. घरातून निघताना 'जातो' म्हणायला कचरणाऱ्या, अंधारात सापाला 'जनावर' म्हणणाऱ्या माणसांना ह्यात हसण्यासारखे काही वाटू नये. नाव घेतले की नाव असलेले येते, ही समजूत जगभर एकच आहे. शिंशुकाच्या नावात डुक्कर दडलेले, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्याला त्याच्या मोठ्या चुलत्याचे नाव दिले गेले. जिवाचे भले व्हावे म्हणून जपलेल्या जिभेनेच त्याच्या मुळावर घाव घातला. आपलेच दात, आपलेच ओठ.

गेशे त्या संध्याकाळी जेवली नाही.

उपाय डॉक्टरांनीच काढला. नियमांत एक अरुंद फट होती. पूर्वी नोंद देणाऱ्या माणसाने, प्राणी हाकेच्या अंतरावर असताना, अभ्यासकाच्या समक्ष दोन्ही नावे स्वतःच्या आवाजात उच्चारून 'मी आजवर ज्याला हे म्हणत आलो तो हाच' असे सांगितले आणि ते ध्वनिमुद्रित झाले, तर खुलासा ग्राह्य धरता येत होता. हे बोलणे जाळ्यांच्या छपरीत चालले होते. किटलीतला चहा तिसऱ्यांदा कपांत पडत होता.

"लिहून दिलं तर?" गेशेने विचारले.

"लिहिलेलं घेत नाहीत. कोणीही कोणाच्या नावानं लिहील म्हणून."

"बांधावर उभी राहून म्हटलं तर?"

"बांधापासून ते फार लांब असतात. हाकेच्या अंतरात हवेत. मचव्यावरूनच जमेल."

"म्हणजे कायदा नेमका तिथंच बोट ठेवतो!"

"त्यांना म्हणावं, डोंगरात परत जा," कोपऱ्यातून ओन्नो म्हणाला. "तिथं हवं त्याचं नाव हवं तितकं घ्या. तुम्हाला तिथं काय बुडवणार, गवत?"

"तुमचं विधानही लागेल, हेर फ्रेरिक्स," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "गेशेबाईंच्या खालोखाल नोंदी तुमच्याच आहेत."

ओन्नोने चमचा उचलून कपात उभा ठेवला. तिकडच्या रीतीने ह्याचा अर्थ, आता चहाही नको आणि बोलणेही नको. तो बाहेर गेल्यावर गेशेने कारण सांगितले. ती एकोणीस वर्षांची असताना, नोव्हेंबरच्या एका सकाळी, कुतूहलाने मचव्यावर आलेला कोणी शहरी पाहुणा तो शब्द सहज बोलून गेला होता. दुपारी लाट आली आणि सुकाणूपाशी उभा असलेला तिचा बाप गेला. मचवा परत आला, ओन्नो परत आला, पाहुणाही परत आला. बाप सापडलाच नाही.

"तुमचा विश्वास आहे ह्यावर?"

"नाही," गेशे म्हणाली. "पण हारमिने तीच आहे, डॉक्टरसाहेब. फळ्या त्याच. त्यांच्यावर उभं राहून मी तो शब्द कधी बोलले नाही."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पहाटे, ते तिघे निघाले. ओन्नो का आला हे त्याने सांगितले नाही. तो येऊन नाळेवर, मचव्याच्या पुढच्या टोकाशी, बसला, एवढेच. धुके इतके दाट होते की त्याची पाठही मधूनच नाहीशी होई. काकडीचा वास सर्वत्र होता. भरती संपून ओहोटी लागण्याआधीची थबकलेली घटका होती. पाणी कोणीकडेच जात नव्हते. गेशेने इंजिन मंद केले. डॉक्टरांनी एक लांब तार पाण्यात सोडली. तिच्या टोकाला पाण्याखालचा कान होता आणि दुसऱ्या टोकाला एक पेटी. माणसाच्या कानाला न पोचणारे आवाज ती पेटी पोचतील असे उतरवून देई.

प्रथम काहीच नव्हते. मग पेटीतून बारीक टकटक आली, काचेवर कोणी वाळूचे कण एकेक करून सोडावेत तशी. ती जवळ आली, दाट झाली, आणि एकाएकी सगळे कण एकमेकांत मिसळून त्यांचा सूर झाला.

"मासा धरला त्यानं," डॉक्टर कुजबुजले.

नाळेपाशी पाणी फुगले. काळी पाठ चाकासारखी फिरून बुडाली. तिला चिकटून दुसरी, लहानगी. डॉक्टरांनी ध्वनिमुद्रणयंत्र पुढे केले. गेशेने सुकाणू घट्ट धरले.

"मी, गेशे टांत्सेन," ती म्हणाली. "आजवर मी ज्याला ट्युमलर म्हणत आले, तो हाच. हा…" तिने एकदा ओन्नोच्या पाठीकडे पाहिले. "हा श्वाइन्सवाल."

आणि इंजिन बंद पडले.

"झालं!" धुक्यातून ओन्नो ओरडला. "झालं समाधान? म्हणालीस ना? आता वल्ही शोध!"

नंतर पाहिले तेव्हा डिझेलच्या गाळणीत कचरा सापडला, हे नोंदवणे कर्तव्य आहे. त्या घटकेला मात्र कोणी गाळणीचा विचार केला नाही. गेशे इंजिनाकडे वळणार, तोच तिच्या डाव्या हाताला, अगदी फळीपाशी, कोणीतरी श्वास सोडला. फूस्. मग उजवीकडे. मग मागे, लांबवर, आणखी मागे. आयुष्यभर इंजिनाच्या ज्या आवाजाला ती शांतता समजत आली होती, तो थांबला तेव्हा सारी नदी श्वास घेत होती. डोळ्यांना पांढऱ्यापलीकडे काही दिसत नव्हते, आणि त्या पांढऱ्यात चहूकडून, लहानमोठे, थकलेले, घाईतले, आईचे आणि त्यापाठोपाठ अर्ध्या दमाचे पोराचे, असे श्वास उमटत होते आणि विरत होते. किती होते हे सांगता येणार नाही. मोजण्यासाठीच तिथे गेलेल्या तिघांपैकी कोणालाही मोजण्याचे सुचले नाही.

ती मादी परत आली आणि पृष्ठभागावर तशीच पडून राहिली. तिच्या पाठीवर दव धरावे तसे पाण्याचे थेंब थरथरत होते. पोर तिच्या पोटाखालून निघून थेट मचव्याकडे आले. पेटीतली टकटक मचव्याच्या लाकडाला लागून वाजू लागली.

"आता काय करतंय ते?" गेशेने विचारले.

"तुमचा मचवा बघतंय. आवाजानं चाचपतंय. बूड, कणा, सुकाणूचं पातं. एकेक फळी."

गेशे फळीवर गुडघे टेकून बसली. तिने हात पाण्यात घातला नाही. वडील ज्या पाण्यात गेले ते तिने इतकी वर्षे वरूनच पाहिले होते: करडे, मुके, आत काही नसलेले. त्याच्या आत एवढा उजेड, आवाजाचा उजेड, असतो हे तिला ठाऊक नव्हते. त्या पाण्यात कोणी हरवले तर निदान कोणीतरी त्याला आरपार पाहिले असेल, असे तिच्या मनात आले, आणि तिला रडू फुटले नाही, उलट छातीवरचा दगड सरकल्यासारखे झाले. नाळेवर ओन्नोने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. चर्चमध्येसुद्धा तो ती नाइलाजाने काढी.

ओहोटी लागली, मचवा हलकेच फिरला, आणि श्वास एकामागून एक वरच्या अंगाला, नदीत, श्टिंटामागे निघून गेले. डॉक्टर भानावर आले आणि ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन ओन्नोपाशी गेले.

"हेर फ्रेरिक्स, आता तुमचं विधान."

ओन्नोने होकारार्थी मान हलवली.

"मान हलवल्याचा आवाज येत नाही."

"तेच," ओन्नो म्हणाला. "ती म्हणाली तेच."

"तो शब्द म्हणावा लागेल."

"साहेब, ऐंशी वर्षं जगलोय मी. आज तरी मला तेवढ्यासाठी बुडवू नका. तेच. तिनं म्हटलंय ते."

वाट पाहण्यात दोन दिवस गेले आणि कार्यालयाचे उत्तर आले. गेशे टांत्सेन ह्यांचे विधान स्वीकारण्यात येत आहे. मात्र ते समोर असलेल्या प्राण्याविषयी असून पूर्वी दिसलेल्या प्राण्यांविषयी नाही, सबब पूर्वीच्या नोंदी मूळ शब्दांतच राहतील. श्री. फ्रेरिक्स ह्यांचे विधान अस्पष्ट असल्याने फेटाळण्यात येत आहे. एकदाच आलेला प्राणी हा रहिवासी ठरत नाही. डॉक्टर हाउजर ह्यांनी विरुद्ध मत लिहून दिले. ते आदेशाला जोडण्यात आले आणि वाचण्यात आले नाही. पुस्तकाला बोली कळत नाही, ही पुस्तकाची उणीव झाली. कळल्यानंतरही न कळल्याचे सोंग आणणे ह्याला दुसरे नाव आहे, आणि ते कोणत्याही मचव्यावर खुशाल उच्चारता येईल.

आठ एप्रिलला सकाळी हातोडा सुरू झाला. गेशेच्या स्वयंपाकघरात चहावरची साय प्रत्येक घावाला शहारत होती. समुद्राकडे पाठ करून बसणारा आयबे त्या दिवशी उठला, खिडकी लावून घेतली आणि म्हणाला, "ही आपली नदी राहिली नाही, गेशे." ती डबा घेऊन बांधाच्या टोकाशी गेली. श्टिंट येत होते. पक्षी त्यांच्यावर तुटून पडत होते. तांबड्या बोयाच्या डावीकडे पाणी सपाट होते. संध्याकाळपर्यंत ती तिथे उभी राहिली आणि फोन लावून सांगितले: आज एकही श्वाइन्सवाल नाही. बांधावरून, मोठ्याने, मचव्यांच्या देखत.

धक्क्याच्या दुसऱ्या रांगेचे खांब पुढच्या वसंतात ठोकायचे ठरले आहे. त्याआधी सुनावणी आहे. गेशे एकेका तांडेलाला विधान नोंदवण्यासाठी मचव्यावर घेऊन जाते. कोणी शब्द उच्चारतो, कोणी खोकून गिळतो, कोणी आधी समुद्रात चिमूटभर मीठ टाकतो आणि मग उच्चारतो. ओन्नो अजून 'तेच' म्हणतो. सोबतीला मात्र दर खेपेस जातो, आणि इंजिन बंद करायला तोच सांगतो.

हा मजकूर वाचणाऱ्यांकडे मागणी एकच आहे. तुमच्या खाडीच्या तोंडाशी कोणी खांब ठोकायला आला आणि 'येथे काही राहत नाही' असा कागद दाखवू लागला, तर तिथले कोळी त्या जिवाला काय म्हणतात ते त्यांच्याकडे जाऊन विचारा, ते नाव पुस्तकातल्या नावाशेजारी सरकारी नोंदीत लिहून घ्या, आणि तसे लिहिले जाईपर्यंत पहिला खांब उभा राहू देऊ नका.